मध्ययुगातील सोन्याचे ब्रोच समजून घेताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका नाटकाच्या वेशभूषेसाठी मला मध्ययुगीन आयर्लंडमधल्या सरदाराचे पांघरूण खांद्यावर ब्रोचने बांधायचे होते. पितळी तारेचे कडे वळवून घेतले, त्यात जाड पिन ओवली आणि चकाकते सॅटिन घेऊन बसले. तालमीत पिन तीनदा निसटली. चौथ्यांदा कापडच उसवले. पिन अडकवायला मागे आकडा नाही म्हणून असे होते, अशी माझी खात्री झाली होती. घरी आल्यावर तीच पिन सहज म्हणून जुन्या धनगरी घोंगडीत खुपसली. ती बसली ती बसलीच. ओढले तर उलट जास्त घट्ट झाली.

त्या दिवसापासून कोणताही ब्रोच पाहिला की आधी मनात येते : हा कोणत्या कापडासाठी केला असेल? संग्रहालयाच्या काचेमागे तो कापडाशिवाय पडलेला असतो आणि आपण त्याला गळ्यातल्या लॉकेटसारखे पाहतो. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

‘मागे आकडा नाही, म्हणजे मोडका आहे’

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. साडीपिनची सवय असल्यामुळे आपण टोक अडकवायची खोबण शोधतो. मध्ययुगात खोबण असलेले ब्रोच होतेच. गोल तबकडीसारख्या ब्रोचच्या मागे पिन आणि ती धरणारा आकडा असे. पण दोन मोठ्या प्रकारांना त्याची गरजच नव्हती.

पहिला प्रकार अखंड कड्याचा. १३ व्या-१४ व्या शतकांत इंग्लंड आणि फ्रान्समध्ये तो फार चालला आणि सोन्याचे कितीतरी ब्रोच याच घडणीचे आहेत. कड्याच्या एका बाजूला थोडी बारीक केलेली जागा असते, तिच्याभोवती पिनेचे डोके वळवलेले असते. गळ्यापाशी झग्याला उभी चीर असे. तिच्या दोन्ही कडा चिमटीत धरून कड्यातून वर ओढायच्या, पिन आडवी घालायची आणि कापड सोडून द्यायचे. कापड मागे जाऊ पाहते आणि पिनेचे टोक कड्याच्या पुढच्या अंगावर दाबून बसते. ताण आहे तोवर पिन हलत नाही. इथे कापडच आकड्याचे काम करते.

दुसरा प्रकार तुटक कड्याचा. आयर्लंड-स्कॉटलंडकडे तो विशेष दिसतो, बहुतेक चांदीत किंवा कांशात. कड्याला एके ठिकाणी फट असते आणि लांब पिन कड्यावर सरकते. पिन कापडातून आरपार काढायची, तिचे टोक फटीतून वर घ्यायचे आणि कडे थोडे फिरवायचे. फट बाजूला गेली की पिन अडकली.

तुम्ही नाटकासाठी, शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा हौसेने अशी प्रतिकृती करत असाल आणि ती सुटत असेल, तर आधी कापड बदला. सुळसुळीत कृत्रिम रेशमावर यातला एकही प्रकार टिकत नाही. घट्ट विणीची, थोडी खरखरीत लोकर हवी. तुटक कड्याच्या ब्रोचची पिन स्वेटरच्या सुईएवढी जाड असते ती याच कारणाने : ती धागे तोडत नाही, बाजूला सारते, आणि काढल्यावर भोक मिटते. तरीही सुटत असेल तर तुम्ही कापड कमी ओढून घेतले आहे. कड्यात मूठभर चुणी आली पाहिजे.

टारा ब्रोच मात्र या दोन्हींत बसत नाही. इ. स. ७०० च्या आसपासचा हा आयरिश ब्रोच दिसायला तुटक कड्याचा, पण फटीची जागा भरून काढलेली आहे. कडे बंद असल्याने पिन फिरवून अडकवता येत नाही. त्याच्या एका बाजूला चांदीच्या तारेची गुंफलेली साखळी लोंबते. पिन जागेवर धरायला तिचा उपयोग होत असावा. म्हणजे ब्रोचचा आकार जुन्या युक्तीची आठवण ठेवून आहे आणि काम दुसऱ्या युक्तीने चालले आहे. आपल्याकडे शर्टाच्या बाहीवर नुसती शोभेची बटणे असतात, तसेच हे.

पिवळे दिसले की ‘सोन्याचा’ म्हणणे

टारा ब्रोचला सर्रास ‘सोन्याचा ब्रोच’ म्हटले जाते. तो चांदीचा ओतीव आहे, वर सोन्याचा मुलामा. त्यावरच्या छोट्या चौकटींत मात्र खरे सोने आहे : केसासारख्या तारांचे तारकाम, शेजारी अंबर आणि काचेचे खडे. कड्याचा व्यास ८.७ सेंटिमीटर. तेवढ्या जागेत किती काम केले आहे ते भिंगाशिवाय नीट दिसतही नाही. स्कॉटलंडचा हंटरस्टन ब्रोचही याच घडणीचा, मुलामा दिलेल्या चांदीचा.

त्या काळी मुलामा पाऱ्याने देत. सोने पाऱ्यात कालवून लेप लावायचा आणि तापवून पारा उडवून द्यायचा. हा थर चांगला टिकतो, पण घासल्या जाणाऱ्या उंचवट्यांवर आतली चांदी डोकावते. फोटोत असे पांढुरके उंचवटे दिसले तर ‘सोन्याचा’ लिहिण्याआधी थांबा.

याच्या उलट चूक यंत्राची होते. सराफाकडे कॅरेट मोजणारे यंत्र असते, तशाच तत्त्वावरची यंत्रे पुराणवस्तूंवरही वापरतात. ती मुख्यतः वरचा थर वाचतात. इंग्लंडमध्ये २००९ साली सापडलेल्या स्टॅफर्डशर निधीच्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या खजिन्याच्या, अभ्यासात असे दिसले, की त्या सोनारांनी काही वस्तूंच्या पृष्ठभागावरची चांदी मुद्दाम काढून टाकली होती. त्यामुळे वरचा थर आतल्यापेक्षा जास्त चोख झाला आहे. नुसत्या वरच्या आकड्यावरून ‘इतक्या कॅरेटचे सोने’ असे सांगणे त्यामुळे चुकीचे ठरते. हिणकस सोने बावनकशी दिसावे ही कारागिरी होती आणि ती आजही आपल्याला चकवते.

वजनाबाबत अंदाज दोन्हीकडे चुकतो. इंग्लंडमधल्या सटन हूच्या जुन्या दफनातले सोन्याचे मोठे बक्कल ४०० ग्रॅमहून जड आहे, आजच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने ४१ तोळ्यांच्या वर. उलट इंग्लंडच्या केंट परगण्यातले जडावाचे तबकडी-ब्रोच दिसतात भरीव, पण पुढच्या आणि मागच्या पत्र्यांच्या मध्ये पांढरी भरण असते. लाख भरलेला दागिना हातात घेतलेल्या मराठी बाईला हे वेगळे समजावायला नको.

‘फिब्युला’चे पायाचे हाड

इंग्रजी लेख यंत्राने मराठीत आणणाऱ्यांनी एवढे जपावे. ‘फिब्युला’ म्हणजे ब्रोच, पण भाषांतरात अनेकदा पायाचे हाड येऊन बसते. हाडाला ते नाव लॅटिनमधल्या या पिनेवरूनच पडले. नडगीचे हाड आणि त्याला लागून असलेले बारीक हाड मिळून ब्रोच आणि त्याच्या पिनेसारखे दिसतात. ‘सम्राटाच्या खांद्यावरील पायाचे हाड’ असे वाक्य छापून जाण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावे. मराठीत सरळ ब्रोच म्हणावे. पट्ट्याचे ते बक्कल.

नावावर विश्वास ठेवणे

टारा ब्रोचचा टारा टेकडीशी, म्हणजे आयर्लंडच्या जुन्या राजपीठाशी, संबंध नाही. तो १८५० मध्ये मीथ परगण्यातल्या बेटिसटाउनला, समुद्राजवळ सापडला. डब्लिनचे जव्हेरी जॉर्ज वॉटरहाऊस यांच्याकडे तो आला आणि त्यांनी हे भारदस्त नाव दिले. त्यांना त्याच्या प्रतिकृती विकायच्या होत्या, आणि त्या खपल्याही. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात तो मांडला गेला. तेव्हा ‘टाराच्या राजांचा ब्रोच’ असे वाक्य कोठे दिसले तर ते जाहिरातीतून आले आहे हे ओळखा.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातली ‘आल्फ्रेड ज्युवेल’ ही आल्फ्रेड राजाच्या नावाची जडावाची वस्तूही अशीच बऱ्याच जणांच्या लेखी ब्रोच होऊन बसली आहे. सॉमरसेटमध्ये १६९३ ला ती सापडली. कडेने जुन्या इंग्रजीत कोरले आहे : ‘आल्फ्रेडने मला करवून घेतले’. तिला कपडा धरणारी पिनच नाही. खाली प्राण्याच्या तोंडाची पोकळ नळी आहे. त्या नळीत काडी बसवून वाचताना ओळीवर बोट ठेवावे तसा तिचा उपयोग करत असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पिन नाही, आकडा नाही, शिवायला कडी नाही, तर त्या वस्तूला ब्रोच म्हणायची घाई करू नये.

फक्त पुढची बाजू बघणे

मला सर्वांत हळहळ वाटते ती या चुकीची, कारण कितीतरी वेळा माणूस मागच्या बाजूला भेटतो.

हंटरस्टन ब्रोच इ. स. ७०० च्या सुमाराचा. १९ व्या शतकात स्कॉटलंडच्या एअरशरमध्ये सापडला, आता एडिंबरोच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पाठीवर रून लिपीत खरडले आहे, ‘मेलब्रिग्दाचा हा ब्रोच’. ही अक्षरे १० व्या शतकातली, म्हणजे ब्रोच तयार झाल्यावर दोनेकशे वर्षांनी कोरलेली. लिपी आणि भाषा नॉर्स, व्हायकिंगांची. नाव मात्र गेलिक, स्थानिक मातीतले. इतक्या पिढ्यांनंतरही कोणाला तरी तो आपला म्हणून सांगावासा वाटला, आणि सांगायची भाषा बाहेरून आलेल्या लोकांची होती. पुढच्या नक्षीत यातले काहीच दिसत नाही. आपल्याकडे लग्नात मिळालेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालतात ना, ते वाचताना मला नेहमी हा ब्रोच आठवतो.

१५ व्या शतकातला फिशपूल निधीतला हृदयाच्या आकाराचा ब्रोच घ्या. १९६६ मध्ये नॉटिंगहॅमशरला हजारावर सोन्याच्या नाण्यांबरोबर तो सापडला. पुढे निळी-पांढरी मीनाकारी, मागे फ्रेंचमध्ये कोरलेली ओळ : मी तुझाच, कधीही न दुरावणारा. हा मजकूर अंगाला लागून राहायचा, बघणाऱ्याला दिसायचा नाही.

उलट कड्याच्या पुढच्या अंगावर लिहिलेले शब्द जगाने वाचावेत म्हणूनच असत. एसेक्समधल्या रिटलच्या सोन्याच्या ब्रोचवर जुन्या फ्रेंचमध्ये लिहिले आहे : मी छाती राखणारा ब्रोच आहे, कोणा हलकटाने इथे हात घालू नये. आणखी एका कड्यावर आहे, ‘मी इथे प्रियकराच्या जागी आहे’. असे मजकूर वाचताना दोन गोष्टी सांभाळा. कड्यावर गोल फिरणाऱ्या ओळीला सुरुवात शोधावी लागते. ती बहुधा छोट्या क्रुसाच्या खुणेपाशी असते. आणि शब्द सलग कोरलेले असतात, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी तोडले तर निरर्थक अक्षरे हाती येतात. ‘येशू नाझरेथकर, यहुद्यांचा राजा’ हा लॅटिन मजकूर दिसला तर तो ताईत म्हणूनही घातला जाई, अचानक मरण येऊ नये म्हणून.

‘बायकांचा दागिना’ समजणे

ब्रोच म्हटले की आज बाईच्या पदराकडे नजर जाते. मध्ययुगात राजे आणि अधिकारी तो आधी मिरवत. इटलीत रॅव्हेनाच्या सान व्हिताले चर्चमध्ये ६ व्या शतकातले, रंगीत तुकडे जडवलेले (मोझेइक) भित्तिचित्र आहे. त्यात सम्राट जस्टिनियनच्या जांभळ्या पांघरुणाला उजव्या खांद्यावर मोठा तांबडा खडा आणि लोंबते मोती असलेला ब्रोच आहे. उजव्या खांद्यावर बांधले की डावा हात झाकतो आणि उजवा मोकळा राहतो. उलटा छापलेला फोटो ओळखायलाही ही खूण उपयोगी पडते : पाहणाऱ्याच्या डावीकडे ब्रोच दिसायला हवा.

फ्रँकांचा राजा शिल्डेरिक ४८१ च्या सुमारास वारला. १६५३ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावात त्याची कबर सापडली. तिच्यात सोन्याचा, आडव्या दांड्याचा रोमन धाटणीचा ब्रोच होता. असे ब्रोच रोमन अंमलदार घालत. म्हणजे हा ‘रानटी’ राजा स्वतःला रोमन अधिकाराच्या खुणेने बांधून घेत होता. पॅरिसच्या ग्रंथालयातून १८३१ मध्ये चोरांनी हा खजिना पळवला आणि बराचसा वितळवला. ब्रोचही गेला. शिफ्ले या विद्वानाने १६५५ मध्ये छापलेली चित्रे होती म्हणून आज आपण त्याविषयी बोलू शकतो. त्यामुळे तुम्ही पाहता तो ‘शिल्डेरिकचा ब्रोच’ चित्र किंवा प्रतिकृती आहे, हे फोटोखाली लिहिले पाहिजे.

बायकांचे ब्रोच वेगळ्या बेताचे होते. ५ व्या-६ व्या शतकांत इंग्लंडमधल्या स्त्रिया नळीसारखा झगा दोन्ही खांद्यांवर ब्रोचच्या जोडीने धरत. ७ व्या शतकात एकच, मोठा ब्रोच दिसू लागतो. वेश बदलला की जोडी मोडते, म्हणून एकटा ब्रोच सापडला तर दुसरा हरवला असेल असे लगेच धरू नये. त्याचे शतक पाहावे.

आणि कोणीही घालावा असे तर नव्हतेच. इंग्लंडच्या १३६३ च्या कायद्याने कारागीर आणि लहान जमीनदारांना सोन्याचांदीचे दागिने घालायला बंदी केली. शेवटी ब्रोचची सद्दी सरकारने संपवली नाही, बटणाने संपवली. १४ व्या शतकात अंगाला घट्ट बसणारे, बटणांचे कपडे आले. त्यानंतर ब्रोच हळूहळू टोपीवर, छातीवर नुसता मिरवायला राहिला. डन्स्टेबलचा सोन्याचा हंस त्याच वाटेवरचा. १४०० च्या सुमाराचा, पांढऱ्या मीन्याचा, उंची जेमतेम ३.३ सेंटिमीटर. तो कोणत्या घराण्याच्या बाजूचे आहोत हे सांगायचा बिल्ला होता.

तांबड्या खड्यांना माणिक म्हणणे

सटन हूचे खांद्याचे जोडआकडे आणि केंटचा किंग्स्टन ब्रोच यांतले तांबडे खडे माणिक नाहीत. ते गार्नेट, आपला तामडा. किंग्स्टन ब्रोच १७७१ च्या ऑगस्टमध्ये ब्रायन फॉसेट या पाद्रीबुवांना एका स्त्रीच्या थडग्यात सापडला. व्यास साधारण साडेआठ सेंटिमीटर, आज तो लिव्हरपूलला आहे. सोन्याच्या उभ्या पट्ट्यांची बारीक घरे, प्रत्येक घरात नेमका कापलेला तामड्याचा पातळ काप आणि त्याखाली चौकड्यांचा ठसा उठवलेला सोन्याचा पत्रा. उजेड खडा भेदून पत्र्यावर आपटतो आणि परत येतो, म्हणून दगड पेटल्यासारखा दिसतो. आपले कुंदनकामही खड्याखाली पत्रा घालते. दोन्ही कामांचा एकमेकांशी संबंध जोडायचा मोह टाळा, पण पत्र्याची युक्ती ओळखीची वाटेल.

खरा संबंध दगडाचा आहे. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांतून असे दिसले, की युरोपातल्या या काळच्या बऱ्याच तामड्यांचा उगम भारत आणि श्रीलंका आहे. ६ व्या शतकाच्या अखेरीपासून हा पुरवठा आटत गेला आणि बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाकडचे, लहान खडे आले. त्यामुळे उशिराच्या ब्रोचमध्ये घरे लहान दिसली तर ती कारागिराची आवड असेलच असे नाही. त्याच्या हाती मोठा दगडच येत नसावा.

विकत घेताना आणि सापडल्यावर

ऑनलाइन ‘मध्ययुगीन सेल्टिक ब्रोच’ म्हणून जे विकले जाते, त्यात १९ व्या शतकातल्या प्रतिकृती फार असतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांचे मोल वेगळे. मागे बघा. फिरवून बंद होणारा सुरक्षित आकडा असेल तर तो २० व्या शतकाच्या आसपासचा. डब्लिनचे शिक्के असतील तर व्हिक्टोरियन काळ धरा. खडे चकचकीत पैलूंचे असतील तर संशय घ्या. मध्ययुगात बहुतेक खडे गोलसर घासून कोंदणात बसवत, आणि आजच्या हिऱ्यासारखे अनेक पैलू १७ व्या शतकाच्या आधी नव्हते.

पण फार नीट राहिले म्हणून खोटे, हेही म्हणू नका. ९ व्या शतकातला चांदीचा फुलर ब्रोच इतका अखंड होता की ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञाने तो बनावट ठरवला. कॅप्टन फुलर यांनी तो चांदीच्या भावाने घेतला. पुढे त्यावरचे काळे मिश्रण जुन्या पद्धतीचे असल्याचे सिद्ध झाले आणि १९५२ मध्ये तो संग्रहालयात आला. त्यावर पंचेंद्रियांची चित्रे आहेत.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, शेतात धातुशोधक घेऊन फिरणाऱ्या मंडळींसाठी : ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू सापडली तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे १४ दिवसांत कळवावे लागते. आपल्याकडेही १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते.

कळवण्याआधी एकच करा : पुसू नका. सोने गंजत नाही, म्हणून पाण्याखाली धरून ब्रशने घासायचा मोह होतो. पण कितीतरी ब्रोचची पिन लोखंडाची असते. ती जमिनीत गंजताना शेजारच्या कापडात तिचा गंज शिरतो, कापड कुजून जाते आणि त्याची वीण गंजात जशीच्या तशी उमटून राहते. आडवे धागे किती, उभे किती, वीण साधी की तिरकी, पीळ कोणत्या बाजूचा, हे भिंगाखाली मोजता येते. ब्रोचच्या मागे तपकिरी, खरखरीत पापुद्रा दिसला तर मऊ कागदावर वस्तू पालथी ठेवा, कोरडी डबी शोधा आणि जवळच्या संग्रहालयाला फोन करा.